बेगमी : घरच्या कोठीचा इतिहास

फारसीतून आलेले जे शेकडो शब्द मराठीत घरचे होऊन बसले आहेत, त्यांत ‘बेगमी’ हा एक आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख किंवा चिंता. निश्चिंतपणा हा या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे मराठीने तो पावसाळ्यासाठी किंवा वर्षभरासाठी भरून ठेवलेल्या धान्यधुन्याला, सरपणाला आणि लोणच्या-पापडांना लावला, आणि मूळ अर्थ मागे पडला. तथापि दोन्ही अर्थांतील नाते अजून ओळखता येते. घरात खाण्यापुरते अन्न भरलेले असले की माणूस निश्चिंत असतो, एवढेच ते नाते आहे.

या बेगमीचा थोडक्यात इतिहास सांगावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याला निमित्त अलीकडच्या काळाचे आहे. पुरात, वादळात किंवा अन्य कारणाने दोन-चार दिवस वीज गेली की अन्नाने भरलेल्या घरांतूनही खाण्यापिण्याचे हाल होतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पूर्वीच्या कोठीतही अन्न असे आणि आजच्या फ्रीजमध्येही ते असते. फरक इतकाच की, कोठीतील अन्न टिकण्यासाठी आणि शिजून पानात येण्यासाठी घराबाहेरून काहीही चालू राहावे लागत नसे. हा फरक एका दिवसात पडलेला नाही. तो कसा पडत गेला हे पाहिले, तर काय परत मिळवण्याजोगे आहे आणि काय गेले ते बरे झाले, हेही कळेल.

अन्नसाठ्याचा विचार आपल्याकडे प्रथम राज्यकर्त्यांच्या संदर्भात लिहिलेला आढळतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना दोन नियम दिलेले आहेत. जमा झालेल्या साठ्यापैकी अर्धा भाग प्रजेवरील आपत्तीसाठी राखावा व अर्धा वापरावा, हा पहिला. नवा माल आला की जुन्याची जागा त्याने घ्यावी, हा दुसरा. आमच्या आज्या अर्थशास्त्र वाचत नव्हत्या. पण नवे तांदूळ आले की जुने पुढे काढायचे आणि नवे मागे ठेवायचे, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

मराठेशाहीत हाच विचार गडांच्या बाबतीत दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील धान्यगृह कसे असावे, हे बारकाईने सांगितले आहे. आग, उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव पोहोचू नये म्हणून जमीन दगडांनी पक्की करून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. पाण्याबद्दलही तेथे तितकीच काळजी आहे. एका झऱ्यावर विसंबू नये, जास्तीची टाकी बांधावीत, असे अमात्य बजावतात. धान्य आणि पाणी यांचा विचार त्यांनी एकत्र केला, ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे. पन्हाळ्यावरील अंबारखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्या आजही पाहावयास मिळतात. सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० साली मार्चपासून जुलैपर्यंत शिवाजी महाराज याच गडावर होते. इतके महिने वेढ्यात काढणे भरलेल्या कोठाराशिवाय शक्य नव्हते.

कोठाराची दुसरी एक आठवण मराठी मनाने कथारूपाने जपली आहे, ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. बहमनी राजवटीतील या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने त्या धान्याचा मोबदला बादशहाच्या दरबारी भरला, अशी ती कथा आहे. तिच्यातील इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा वाद बाजूला ठेवू. धान्य भरणारे अनेक झाले असतील. लोकांनी लक्षात ठेवला तो कोठार उघडणारा.

आता गडावरून घराकडे येऊ. देशावरील शेतकऱ्याच्या घरी धान्य साठवण्याचे प्रकार ठरलेले असत. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी. जाड भिंतीच्या पोकळीत केलेले बळद. मातीचे रांजण आणि उतरंड. आणि मोठ्या साठ्यासाठी जमिनीखालचे पेव. यांपैकी पेवाची युक्ती विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. योग्य जमिनीत पुरुष-दोन पुरुष किंवा त्याहूनही खोल खड्डा घेत, आत धान्य भरत आणि तोंड घट्ट बुजवून टाकीत. आतील धान्य आणि त्यातील किडे श्वसन करीत राहतात, त्यामुळे कोंडलेल्या हवेतील प्राणवायू संपत जातो आणि कर्बवायू वाढतो. काही काळाने किडे मरतात व धान्य टिकते. औषध नाही, यंत्र नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, बराच वेळ जाऊ द्यावा, हा दंडक असे; तो न पाळल्याने माणसे गुदमरून दगावत. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेली माणसे आता थोडी राहिली. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळदीसाठी अशी पेवे अलीकडेपर्यंत मोठ्या संख्येने वापरात होती. २००५ च्या महापुरात त्यांचे फार नुकसान झाले.

शहरात आलेल्या कुटुंबांनी पेव गावाकडे सोडले, पण कोठी सोबत आणली. बडोद्यास रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील जुन्या वाड्यांत माजघराला लागून कोठीची अंधारी खोली असे. होळीनंतर नवा गहू बाजारात आला की वर्षाचा गहू घेण्याची चाल गुजरातेत अजूनही पुष्कळ घरांत आहे. तो उन्हात वाळवायचा, एरंडेलाचा हात लावायचा आणि कोठीत भरायचा. गव्हाला एरंडेल लावण्याची रीत आम्हा मराठी कुटुंबांनी शेजारच्या गुजराती घरांतून उचलली की सोबत आणली, हे आता सांगता येणे कठीण आहे. कडुनिंबाचा वाळलेला पाला, बिब्बे, चाळलेली राख या गोष्टी मात्र दोन्हीकडच्या आहेत. या सर्व उपायांचा पाया एकच, आणि तो म्हणजे कोरडेपणा. धान्यातील ओलावा बारा टक्क्यांच्या आत असला की कीड आणि बुरशी यांना फारसा वाव राहत नाही. वैशाखातील दोन दिवसांचे कडक ऊन हेच काम करीत असे.

गोमंतकातील आपल्या बांधवांकडे याच प्रथेला ‘पुरुमेंत’ हे नाव आहे. पोर्तुगीज भाषेतील तरतूद या अर्थाच्या शब्दावरून ते आले. मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, तांदूळ, मीठ, मिरची, चिंच, आमसुले, लोणची आणि सुकी मासळी भरून ठेवावयाची. या हंगामातील फेस्ताला ‘पुरुमेंताचे फेस्त’ असेच म्हणतात आणि त्या जत्रेत ही खरेदी होते. एका शब्दाचे मूळ फारसी, दुसऱ्याचे पोर्तुगीज, आणि दोन्ही घरांतील काम एकच. चार महिने नद्या-नाले भरून वाटा बंद होत, बाजार ओस पडत, म्हणून ही तयारी. आजच्या भाषेत बोलायचे तर पुरवठा खंडित होणार हे गृहीत धरूनच घर चालवले जात असे.

या बेगमीचे नीट पाहिले तर तीन थर दिसतात. पहिला थर कोरड्या धान्याचा. दुसरा वाळवणाचा आणि मुरवणाचा : पापड, कुरडया, सांडगे, शेवया, लोणची, मुरांबे, आमसुले. तिसरा थर चुलीशिवाय खाता येणाऱ्या वस्तूंचा : पोहे, लाह्या, चुरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे, सातूचे पीठ, मेतकूट. पावसात सरपण भिजले, घरात सुवेर-सुतक आले, अवेळी पाहुणे आले, तर हा तिसरा थर कामास येई. सातूच्या पिठात गूळ आणि पाणी कालवले की पोटभर जेवण झाले. आपण आज यातील बहुतेक वस्तू हौस म्हणून किंवा पथ्य म्हणून खातो. त्यांची योजना मुळात अडचणीच्या दिवसासाठी होती.

या इतिहासाचे कौतुक करताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली ही की, या निश्चिंतपणामागचे सारे कष्ट घरातील बायकांचे होते. उन्हाळ्याचे दोन महिने पाटा, वरवंटा, जाते आणि गच्चीवरचे ऊन यांत त्यांचे हात आणि डोळे भाजून निघत. दुसरी अधिक गंभीर आहे. बेगमी ज्याच्याकडे शिल्लक होती त्याचीच होत असे. शेतमजूर, अलुतेदार-बलुतेदार आणि हातावर पोट असलेले लोक यांच्या घरी वर्षाची कणगी कोठून येणार? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर, विजापूर, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात जी माणसे मेली, ती मुख्यतः या वर्गातील होती. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे आपल्या सार्वजनिक जीवनातील एक अभिमानाचे पान आहे.

बडोदे संस्थानाला अशी झळ लागली ती विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली. गुजरातेत तो ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो. सुपीक आणि संपन्न समजला जाणारा हा प्रदेश अशा प्रसंगाला सरावलेला नव्हता. १८९१ च्या खानेसुमारीत संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १९ लाख ५३ हजार भरली. दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी झाली. यात भुकेबरोबर रोगराई आणि स्थलांतर यांचाही वाटा आहे. बडोद्यास रेल्वे येऊन तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. धान्य बाहेरून आणण्याची सोय होती, पण ते विकत घेण्यास पैसा नव्हता. घरची कोठी सर्वांना वाचवू शकत नाही आणि नुसता बाजारही वाचवू शकत नाही, हा धडा तेथे मिळाला.

म्हणून पुढील शतकात ही जबाबदारी शासनाने घेतली, ते योग्यच झाले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता आल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मे महिन्यात, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मिलो ज्वारी खाल्ली, पण छप्पनियाची पुनरावृत्ती होऊ दिली नाही. २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदाही आला. देशाची कोठी भरली, आणि तिचा लाभ ज्यांच्या घरी कधीच कणगी नव्हती त्यांना झाला. या मोठ्या लाभापुढे जुन्या वाड्यांतील कोठीच्या खोल्या बंद झाल्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

परंतु याच काळात घराच्या आत दुसरा एक बदल घडत होता, त्याकडे आपले लक्ष गेले नाही. जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली आणि पुढे गिरणी विजेवर आली. विहिरीवरचा रहाट गेला, गच्चीवर टाकी आली आणि तीत पाणी चढवण्यास पंप आला. १९५८ मध्ये भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज निघाला आणि दोन पिढ्यांत तो मध्यमवर्गीय घराचा भाग झाला. लग्नकार्याच्या खरेदीत कोठीऐवजी तो मानाने मिरवू लागला. पाणी गाळण्याचे यंत्र, विजेची शेगडी, उद्वाहक यांची भर पडली. अगदी अलीकडे पैसेही खिशातून दूरध्वनीत गेले. प्रत्येक सोय आपापल्या जागी चांगलीच आहे, आणि पहिल्या दोन सोयींनी तर बायकांची कंबर मोडणारे कष्ट संपवले. मात्र दळण, पाणी, साठवण, चूल आणि खरेदी या पाचही गोष्टी हळूहळू एकाच तारेला बांधल्या गेल्या.

त्याचा परिणाम शासकीय सेवेत असताना प्रस्तुत लेखकास जवळून पाहावयास मिळाला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने सुरत शहर पाण्याखाली गेले. मदतकार्याच्या निमित्ताने होडीतून फिरताना दिसत होते ते असे की, वरच्या मजल्यांवरील लोक उपासमारीच्या उंबरठ्यावर नव्हते. पुष्कळांच्या घरी वर्षाचा गहू भरलेला होता. पण तो दळणार कोठे? टाकीतील पाणी पहिल्याच दिवशी संपले होते आणि फ्रीजमधील दूध-भाजी दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी लागली होती. वरून दोरीने सोडलेल्या टोपल्या रिकाम्या येत होत्या आणि त्यांत लोक पहिल्याने मागत होते ते पाणी, मग लहान मुलांसाठी दूध.

त्यानंतर असे प्रसंग थांबलेले नाहीत. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्येकडीलही वीजजाळे कोलमडले. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ पोहोचली. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली व बेळगाव जिल्ह्यांत महापूर आला. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काही गावे कित्येक आठवडे अंधारात होती. मे २०२१ मध्ये तौक्तेने गोव्यात तेच केले, जरी तेथे काळ कमी होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा बडोद्यात शिरली आणि शहराच्या अनेक भागांत पाणी व अंधार दोन-तीन दिवस राहिला. शासनाची मदत या सर्व ठिकाणी पोहोचली. पण ती पोहोचेपर्यंतचे तीन-चार दिवस घराने आपल्या बळावर काढावयाचे असतात. शासकीय गोदामात लक्षावधी टन गहू असला तरी त्या चार दिवसांसाठी त्याचा उपयोग नसतो. छप्पनियाच्या काळी प्रश्न वर्षाचा होता. आजचा प्रश्न आठवड्याचा आहे, आणि आठवड्याची बेगमी करणे आज बहुतेक घरांच्या आवाक्यात आहे.

ती कशी असावी, याचे उत्तर वर सांगितलेल्या तीन थरांतच आहे. चार माणसांच्या घरास सात दिवसांसाठी माणशी रोज तीनशे ग्रॅम धान्य आणि ऐंशी ग्रॅम डाळ धरली, तर साडेआठ किलो धान्य आणि सव्वादोन किलो डाळ पुरते. यात गव्हापेक्षा तांदूळ, मुगाची डाळ आणि रवा यांना झुकते माप द्यावे, कारण त्यांना गिरणी लागत नाही. मूगडाळीच्या खिचडीला एकच भांडे, थोडे इंधन आणि थोडे पाणी पुरते. पहिल्या दोन दिवसांसाठी तिसरा थर अवश्य हवा : पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, सातूचे किंवा राजगिऱ्याचे पीठ. आमसूल, लोणचे आणि मेतकूट असले की बेचव अन्नही घशाखाली उतरते. आजारी आणि वृद्ध माणसांच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. घरात तान्हे मूल असल्यास त्याच्या आहाराची आणि कोणाचे नित्याचे औषध असल्यास त्याची सोय वेगळी लक्षात ठेवावी.

पाण्याचा विचार अमात्यांप्रमाणे धान्याबरोबरच करावा. पिण्यास व स्वयंपाकास मिळून माणशी रोज पाच लिटर धरले, तर चौघांना चार दिवसांसाठी ऐंशी लिटर लागते. पावसाचा जोर दिसू लागताच हंडे, कळशा आणि पिंपे भरून झाकून ठेवावीत. गॅसची भरलेली एक टाकी राखीव असावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि पेटवू नये. तिचा धूर दिसत नसला तरी विषारी वायू जीव घेतो. फ्रीजचे दार न उघडल्यास आतील गारवा सुमारे चार तास टिकतो आणि बर्फाचा कप्पा गच्च भरलेला असल्यास त्यातील वस्तू दोन दिवसांपर्यंत गोठलेल्या राहतात, असे सर्वसाधारण मान आहे. आपल्याकडील उन्हाळ्यात ते कमीच समजावे. तेव्हा वीज जाताच प्रथम दूध आणि शिजलेले अन्न संपवावे, मग भाजी-फळे, आणि कोरड्या साठ्यास शेवटी हात लावावा. काही रोख रक्कमही घरात असू द्यावी.

या साठ्याला कौटिल्याचा दुसरा नियम लावणे सर्वांत महत्त्वाचे. आपत्तीसाठी म्हणून वेगळे बांधून ठेवलेले गाठोडे दोन वर्षांनी उघडले, तर त्यात पोरकिडे आणि खवट शेंगदाणे निघतात. रोजच्या वापरातीलच वस्तू आठवड्याने जास्त ठेवाव्यात, जुन्या पुढे आणि नव्या मागे, म्हणजे काही वाया जात नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा ऊन दाखवावे. याला साठेबाजी म्हणता येणार नाही. साठेबाज टंचाईच्या वेळी विकण्यासाठी भरतो. गृहस्थ स्वस्ताईच्या वेळी खाण्यासाठी भरतो, आणि त्यामुळे टंचाईच्या दिवशी दुकानासमोरच्या रांगेत एक माणूस कमी होतो. हे काम एकट्या गृहिणीचे असू नये, हेही ओघाने आलेच. वाळवणाच्या दिवसांत घरातील पुरुष गच्चीवर फिरकत नसत, तो काळ संपला आहे.

शेवटी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोडीतील किंवा बाळबोध लिपीतील जमाखर्चाच्या जुन्या वह्या असतील. चैत्र-वैशाखात किती मण गहू भरला, तांदूळ कोणत्या पेठेतून आणला, किती शेर मीठ लोणच्याला लागले, पडवीत कोणाकोणाला धान्य दिले, या नोंदी त्यांत सापडतात. ‘कोणाला दिले’ हा रकाना विशेष पाहावा. दामाजीपंतांची गोष्ट सांगणाऱ्या घरांनी आपली कोठी किती वेळा उघडली, हे त्यावरून कळेल. पुराच्या रात्री शेजारच्या मजल्यावर एकटी राहणारी वृद्धा असेल, खालच्या खोलीत रखवालदाराचे कुटुंब असेल. आपल्या सात दिवसांच्या साठ्यात त्यांचे दोन दिवस धरलेले असावेत. अशा वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची नक्कल करून ती पत्रिकेकडे पाठवल्यास आपल्या स्थलांतरित कुटुंबांच्या इतिहासाचे एक साधन हाती येईल. आणि घरात ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातील कोणी आजी असतील, तर कोणत्या डाळीला काय लावले म्हणजे ती वर्षभर टिकते, हे या उन्हाळ्यातच त्यांना विचारून लिहून घ्यावे.